मुंबईत ट्री रोझ लावताय? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहते. जुनी ३ मजली बिल्डिंग आहे, खाली कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीची चिंचोळी पट्टी आणि वर सोसायटीची गच्ची, अशी दोन्हीकडे मिळून माझी ७ ट्री रोझ आहेत, ३ जमिनीत आणि ४ कुंड्यांत. सगळ्यात जुनं झाड २०१८ चं. हिवाळ्यात ती फुलली की येणारा-जाणारा थांबून विचारतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

प्र. ही गुलाबाची वेगळी जात असते का?

नाही, जात वेगळी नसते, बांधणी वेगळी असते. रानगुलाबाचं एक खोड सरळ वाढवतात, त्याच्या खालच्या सगळ्या फांद्या काढत जातात, आणि साधारण ३ फुटांवर आपल्याला हव्या त्या गुलाबाचे २-३ डोळे (फांदीवरचे न फुटलेले कोंब) भरतात, म्हणजे खोडाच्या सालीत बसवतात. म्हणजे मुळं आणि दांडा एकाचा, फुलं दुसऱ्याची. नर्सरीत याला स्टँडर्ड पण म्हणतात, दीड-दोन फुटांवर डोळा भरला तर हाफ स्टँडर्ड, आणि ५ फुटांवर भरून फांद्या खाली लोंबत सोडल्या की वीपिंग.

जिथे डोळा भरलाय ती गाठ म्हणजे जोड, आणि ही गाठ नीट ओळखायला शिका. साध्या कलमी गुलाबात ती मातीलगत असते त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, इथे मात्र ती उंचावर, वाऱ्यात, उन्हात उघडी असते आणि वरचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. पुढे जे जे लिहिलंय, काठी, छाटणी, रानफूट (जोडाच्या खालून येणारी रानगुलाबाची फूट), त्यातलं बहुतेक सगळं फिरून या जोडापाशीच येतं.

प्र. ऑनलाइन ट्री रोझच्या बिया मिळतात, मागवू का?

नका मागवू. बी लावून ट्री रोझ येत नाही, ते कलमच करावं लागतं. निळ्या आणि सप्तरंगी गुलाबाच्या बियांचंही तेच, फोटो बघून पैसे पाठवू नका.

प्र. नर्सरीत घेताना काय बघायचं?

फुलं सोडून बाकी सगळं बघा. आपण वरचं फूल बघून भुलतो आणि नर्सरीवाल्यालाही ते माहीत असतं. आधी जोडाजवळ वाका, तिथे फांद्या किमान २ बाजूंनी निघालेल्या हव्यात, एकाच बाजूने निघालेल्या असतील तर डोकं कायम एका अंगाला झुकतं आणि पुढे किती छाटलं तरी गोल होत नाही. जोडावर चीर, काळपट डाग किंवा डिंकासारखं काही दिसलं तर ते झाड ठेवून द्या. मग खोडावरून बोट फिरवत खाली या, साल कुठे पिचलेली, खोल गेलेली वाटते का ते कळतं, बऱ्याचदा जुनी सुतळी काढायची राहून जाते आणि ती सालीत रुतून बसलेली असते. खोड निदान अंगठ्याएवढं जाड हवं, पेन्सिलीएवढ्या खोडावर भरलेलं डोकं पहिल्याच वाऱ्यात लोळतं.

आणि खोडावर अधेमधे हिरवीगार पालवी असेल तर "किती टवटवीत आहे" असं वाटून घेऊ नका, ती सगळी रानफूट असते.

घोडबंदर रोडला बऱ्याच नर्सऱ्या आहेत, पुण्याकडे जाणं होत असेल तर उरुळी कांचनच्या भागात चॉइस जास्त मिळतो. आणायचा महिना नोव्हेंबर ते जानेवारी, मे महिन्यात आणलेलं झाड गाडीतून घरी येईपर्यंतच निम्मं वाळतं.

प्र. कुठलं व्हरायटी चांगलं?

माझं मत विचाराल तर पहिलं झाड फ्लोरिबंडाचं घ्या, म्हणजे गुच्छाने फुलणारं. ट्री रोझची सगळी शोभा त्या गोल डोक्यात आहे आणि ती झुपकेदार फुलांनीच भरते. आइसबर्ग हे पांढरं फ्लोरिबंडा जर्मनीच्या कोर्डेस यांचं, १९५८ सालचं, आणि आजही स्टँडर्डसाठी त्याला तोड नाही, काटे कमी, फुटवा भरपूर. आपल्याकडचं म्हणाल तर कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांचं गुलाबी दिल्ली प्रिन्सेस हे १९६३ चं, तेही मस्त. छोट्या बाल्कनीत बटन गुलाबाचं हाफ स्टँडर्ड फार गोड दिसतं.

ग्लॅडिएटरसारखे मोठ्या फुलांचे हायब्रिड टी सगळ्यांना आवडतात, मलाही आवडतात, पण त्यांच्या फांद्या उंच सरळसोट जातात, टोकाला एकच जड फूल, त्यामुळे डोकं विरळ दिसतं आणि वाऱ्याला जोडावर ताण जास्त. घ्यायचं तर घ्या, पण दुसरं-तिसरं झाड म्हणून.

जानेवारीच्या शेवटाला नाहीतर फेब्रुवारीत राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे एक चक्कर जरूर मारा, फोटोत बघण्यात आणि प्रत्यक्ष समोर बघण्यात फार फरक आहे.

प्र. एकाच झाडावर ३-४ रंग करून मिळतात, ते टिकतात का?

२ टिकतात, त्याच्यापुढे अवघड. एक जोमदार असतो तो बाकीच्यांचं सगळं ओढून घेतो आणि दुसऱ्या वर्षी झाड एकरंगी होतं. सारख्या जोमाचे २ रंग आणि जोमदार बाजू जरा जास्त छाटायची, एवढं सांभाळलं तर छान राहतं.

प्र. बाल्कनीत जमेल का, ऊन किती लागतं?

५-६ तास थेट ऊन हवं, त्यात तडजोड नाही. पूर्वेचं ऊन सगळ्यात चांगलं. बाल्कनीला ग्रिल असेल तर आधी उंची मोजा, कुंडी दीड फूट, खोड ३ फूट आणि वर डोकं दीड-दोन फूट, असं सगळं मिळून माणसाएवढं होतं आणि ग्रिलच्या छताला टेकू शकतं, अशा वेळी हाफ स्टँडर्ड घ्या.

समुद्राच्या अगदी समोर, वर्सोवा, वरळी सी फेससारख्या ठिकाणी राहणाऱ्यांच्या झाडांची पानं कडेने करपतात ती खाऱ्या वाऱ्याने, तिथे आठवड्यातून २-३ सकाळी साध्या पाण्याने पानं धुवायची आणि जमलं तर झाड वाऱ्याच्या आडोशाला ठेवायचं.

प्र. कुंडी केवढी आणि माती कशी?

१६ इंचांच्या खाली जाऊ नका, १८ मिळाली तर उत्तम, आणि कुंडी जड हवी. वर डोकं, खाली हलकी प्लास्टिकची कुंडी, म्हणजे वारा आला की आडवी. मी तळाला विटांचे तुकडे टाकते, त्याने वजनही वाढतं, आणि भोकं बुजू नयेत म्हणून भोकावर खापरीचा तुकडा पालथा.

नर्सरीतली लाल माती एकटी वापरली तर २ महिन्यांत विटेसारखी घट्ट होते, पाणी वरून ओघळून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. माझं माप असं, ४ घमेली लाल माती, ३ घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, १ घमेलं जाडसर वाळू, १ घमेलं भाताचं तूस, आणि वर २ मुठी निंबोळी पेंड आणि १ मूठ हाडांचा चुरा. कोकोपीट मी फार कमी घालते, उन्हाळ्यात बरं वाटतं पण आपल्या पावसात ते महिनोन्महिने ओलं राहतं.

कुंडीखाली थाळी ठेवत असाल तर पावसाळ्यात ती काढूनच टाका. डासांच्या अळ्या होतात, महापालिकेची माणसं तपासणीला येतात ती याचसाठी, आणि कुंडीही खालून कुजते. २ विटांवर कुंडी ठेवली की दोन्ही प्रश्न मिटले.

प्र. लावताना जोड मातीत पुरायचा का? साध्या गुलाबाचा पुरतात असं वाचलंय.

अजिबात नाही. इथे जोड वर आहे, तो वरच राहणार. नर्सरीच्या पिशवीत माती खोडाच्या जिथपर्यंत होती तिथपर्यंतच ठेवायची, त्याहून खोल लावलं तर खोडाची साल मातीत कुजते. आणि काठी आधी रोवायची, झाड नंतर लावायचं, उलट केलं तर काठी ठोकताना मुळं तुटतात.

प्र. काठी किती दिवस ठेवायची? खोड जाड झालं की काढली तर चालेल ना?

नाही, काठी कायमची. आणि नुसती असून पुरत नाही, पुरेशी उंचही हवी. हे मी जरा सविस्तर सांगते कारण काठी आखूड पडल्याने माझ्या स्वतःच्या झाडाचं डोकं मोडलं होतं.

१७ मे २०२१, तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तो दिवस, कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर नोंदला गेला होता. माझं पहिलं झाड, ग्लॅडिएटर, गच्चीवर होतं, काठी चांगली जाड बांबूची होती आणि खोड घट्ट बांधलेलं होतं, तरी सकाळी बघितलं तर खोड तसंच उभं आणि डोकं मात्र सालीच्या एका पट्टीवर खाली लोंबत होतं. कारण काठी जोडाच्या ४ बोटं खालीच संपत होती. खोड हललं नाही, म्हणून सगळा हिसका जोडावर आला. काठी जितकी पक्की तितका तो जास्त आला असणार. बराच वेळ मी ती फांद्यांची मोळी तशीच हातात धरून उभी होते.

तेव्हापासून माझा नियम, काठी जोडाच्या वर निदान ६ इंच, डोक्याच्या आत शिरलेली, आणि ३ ठिकाणी बांधायचं, १ जोडाच्या लगेच खाली, १ मध्ये, १ तळाशी, शिवाय डोक्यातली एक मुख्य फांदी सैलसर काठीला. बांधणी आठाच्या आकड्यासारखी, म्हणजे खोड आणि काठी यांच्यामध्ये पीळ येतो आणि साल काठीला घासत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सगळ्यात चांगल्या, सुतळी आणि तार नको. दर २ महिन्यांनी सोडून परत बांधा, खोड जाड होत असतं. बांबू एक-दोन पावसाळ्यांत तळाशी कुजतो आणि वरून कळत पण नाही, म्हणून आता मी अर्ध्या इंचाचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वापरते, उन्हात तापतो म्हणून त्याला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून घेते.

प्र. खोडातून छान नवीन फूट येतेय, ठेवू का?

काढा, आजच काढा. जोडाच्या खाली खोडातून किंवा मातीतून जे काही येईल ते रानगुलाबाचं असतं. ते जोमदार असतं, कारण मुळं त्याचीच आहेत, आणि त्याला मोकळं सोडलं तर वर जायचा रस सगळा तेच पिऊन टाकतं.

लोक म्हणतात ७ पानं असली की रानटी आणि ५ असली की कलमी. या हिशोबावर जाऊ नका, चांगल्या कलमी गुलाबालाही ७ पानांची डहाळी येते. फूट कुठून निघाली एवढंच बघायचं.

कोंब बोटाएवढा आणि मऊ असतानाच अंगठ्याने खाली दाबून मोडायचा, असा की बुडातल्या गाठीसकट निघेल. कात्रीने कापलात तर बुडाशी झोपलेले डोळे राहतात आणि एकाच्या जागी ३ येतात. मातीतून आलेला असेल तर माती थोडी उकरून जिथून निघालाय तिथून ओढून काढा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला बघावं लागतं, माझा रविवारचा पहिला चहा हातात घेऊन हेच चालतं, प्रत्येक खोड वरपासून खालपर्यंत.

प्र. पाणी रोज घालायचं का?

बोट २ पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर घाला. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर रोज सकाळी लागतं, हिवाळ्यात एक-दोन दिवसांआड, पावसात आठवडेच्या आठवडे नाही. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका, रात्रभर पान ओलं राहिलं की काळे ठिपके आलेच.

माती ओली आहे आणि तरी झाड मान टाकतंय असं दिसलं तर ती तहान नाही, मुळं गुदमरलीत. बहुतेक लोक तेव्हाच अजून एक तांब्या ओततात. त्याऐवजी कुंडी तिरपी करून पाणी निथळू द्या, भोकं उघडी आहेत का बघा.

प्र. पावसाळ्यात सगळी पानं गळली, झाड मेलं का?

बहुतेक नाही. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत, गुलाबाला इतकं पाणी सोसत नाही. आधी पानावर काळे, कडा फाटल्यासारखे ठिपके, मग त्याच्याभोवती पिवळं, मग गळ. नखाने फांदीची साल हलकी खरवडा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

करायचं एवढंच, गळलेली पानं रोज उचलायची, कारण रोग तिथूनच पावसाच्या थेंबांबरोबर वर उडतो. झड थांबून २ दिवस उघडीप मिळाली की मॅन्कोझेब २ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड अडीच ग्रॅम (दोन्ही बुरशीनाशकं), १ लिटर पाण्यात, पानांच्या खालूनसुद्धा फवारायचं, हातमोजे आणि मास्क घालून, पाकिटावरच्या सूचना वाचून. एकदा हे, पुढच्या वेळी ते, असं आलटून पालटून. पावसात खत नको आणि मोठी छाटणी तर मुळीच नको, ओल्या हवेत कापलेल्या टोकावरून फांदी काळी पडत खाली येते, आणि ती काळी रेघ जोडापर्यंत पोचली की मग काही हातात राहत नाही. असं काळं टोक दिसलं तर तेवढं मात्र थांबू नका, हिरव्यापर्यंत कापून लगेच पेस्ट लावा.

प्र. कुठली पेस्ट? हळद चालते का?

हळद घरात असते म्हणून सगळे लावतात, छोट्या कापाला लावा, पण मुंबईच्या दमट हवेत माझा भरवसा बोर्डो पेस्टवर. १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना आणि एकूण १०० मिली पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, प्लास्टिकच्या वाटीत, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, आणि मग एकत्र करायचे, छान आकाशी रंग येतो. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा, खिळ्यावर तांबूस मुलामा चढला तर अजून चुना घाला. केलेली पेस्ट त्याच दिवशी वापरायची. पावसाच्या आधी, मेच्या अखेरीला, मी जोडाला आणि सगळ्या खोडाला पण ब्रशने हीच लावते.

प्र. छाटणी कधी आणि कुठून?

पाऊस ओसरला की, दसऱ्याच्या आसपास. छाटल्यावर साधारण ४५ ते ५० दिवसांत फुलं येतात, म्हणजे दसऱ्याला छाटलेलं मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला मिळतं, घरचं फूल घटावर ठेवण्यात जो आनंद आहे तो दादरच्या मार्केटातल्या फुलात नाही.

छाटायचं ते जोडाच्या वरच, जोडाच्या खाली कात्री लागली तर तुमचा गुलाब संपला. आधी वाळकी, काळी, आतल्या बाजूला गेलेली आणि एकमेकींना घासणारी फांदी बुडातून काढा. उरलेल्या ५-६ चांगल्या फांद्या जोडापासून ८ ते १० इंचांवर, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरप्या कापा. मग ४ पावलं मागे जा आणि चारही बाजूंनी बघा, उलट्या छत्रीसारखं, मधून मोकळं दिसलं पाहिजे. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवं आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसून घ्यायचं. सोसायटीच्या माळीकाकांना एकदा मी बाहेरगावी असताना छाटायला सांगितलं होतं, त्यांनी मेंदीच्या कुंपणासारखं वरून सपाट कापलं, झाड जगलं पण आत इतकी गर्दी झाली की त्या वर्षी भुरी (पानांवर पांढरी पूड दिसते तो बुरशीचा रोग) गेलीच नाही.

नंतर वर्षभर, फूल सुकलं की खाली पहिलं ५ पानांचं पान जिथे बाहेर बघतं तिथून कापत राहा, तेवढं पुरतं.

प्र. खत काय देऊ? चहाचा चोथा, केळ्याची सालं, अंड्याची टरफलं?

चहाचा चोथा धुऊन वाळवून, बाकीचं कंपोस्टमधून, थेट कुंडीत नको, त्यावर माश्या आणि मुंग्या होतात, कच्चं ते कच्चंच. मुख्य खत छाटणीच्या वेळी, वरची २ इंच माती काढून १ घमेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा. नवी पालवी लालसर दिसायला लागली की दर १५ दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला २ ग्रॅम, माती ओली असतानाच. मार्चनंतर कमी, जूनला बंद.

कुंडीतली माती दर २ वर्षांनी छाटणीबरोबरच बदलते मी, त्यासाठी २ माणसं लागतात, एकाने खोड जोडाखाली धरायचं आणि डोक्याला धरून कधीच उचलायचं नाही.

प्र. किडींचं काय?

मावा कोवळ्या शेंड्यावर येतो, पाण्याच्या फवाऱ्यानेच निम्मा जातो, उरलेल्याला लिटरला ५ मिली नीम तेल आणि थोडा लिक्विड सोप. पिठ्या ढेकूण नेमका जोडाच्या खाचेत लपतो, जुन्या टूथब्रशने घासून काढा.

खरा त्रास लाल कोळीचा, म्हणजे पानाखाली राहून रस शोषणाऱ्या अगदी बारीक किडीचा. आमच्या शेजारी रिडेव्हलपमेंटचं काम चालू होतं तेव्हा २ वर्षं सिमेंटची धूळ पानांवर बसायची आणि पानं निस्तेज, वाळूसारख्या बारीक पिवळ्या ठिपक्यांची, खाली बारीक जाळी. जिथे धूळ आणि कोरडं ऊन तिथे कोळी, आणि मुंबईत धूळ कुठे नाही, म्हणून फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा सकाळी पानं खालून धुवायची. तरी राहिला तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण भर उन्हाळ्यात नाही, पानं भाजतात, आणि नीम तेल मारल्यावर २ आठवडे तरी नाही.

प्र. उन्हाळ्यात खोडाची एकच बाजू तपकिरी होऊन तडकली, रोग आहे का?

ऊन लागलंय. झुडपी गुलाबाचं खोड स्वतःच्या पानांच्या सावलीत असतं, याचं पूर्ण उघडं, त्यात गच्चीचा स्लॅब तापतो आणि पश्चिमेची बाजू भाजून निघते. एप्रिल-मेत खोडाला गोणपाट सैल गुंडाळा किंवा वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा. जूनच्या आधी गोणपाट आठवणीने काढा, नाहीतर त्याच्याखाली ओल धरून साल कुजते. मेमधली फुलं छोटी आणि फिकी येतात, त्यात झाडाचा दोष नाही.

प्र. परदेशी व्हिडिओत थंडीआधी अख्खं झाड आडवं करून मातीत पुरतात, आपण करायचं का?

नाही हो. तिथे बर्फ पडतो आणि उंचावरचा उघडा जोड गोठून मरतो म्हणून ते झाडाला जमिनीत झोपवतात. मुंबईचा आजवरचा नीचांक सांताक्रूझचा, जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंश. आपली थंडी गुलाबाला हवीहवीशीच असते.

प्र. वरचं डोकं मोडलं किंवा वाळलं, खोड हिरवं आहे, टाकून द्यायचं का?

टाकू नका. माझ्या त्या तौक्तेवाल्या झाडाचं काय झालं ते सांगते. मोडलेला जोड मी सरळ कापून टाकला, कापावर पेस्ट लावली, आणि त्या पावसाळ्यात एरवी जी रानफूट मी मोडून टाकते ती मुद्दाम ठेवली, पण फक्त अगदी वरच्या ३, खालची सगळी काढली. पानंच नसतील तर मुळं कशावर जगणार. डिसेंबरपर्यंत त्या फांद्या पेन्सिलीएवढ्या झाल्या.

मग शेजारच्या काकूंच्या आइसबर्गची काडी आणली, नुकतंच फूल गळलेली. काटा बाजूला ढकलला की टचकन निघाला तर काडीचा डोळा तयार आहे असं समजायचं. पान कापून देठ अर्धा इंच ठेवला. रानफांदीवर बुडाजवळ इंग्रजी टी सारखा काप घेतला, उभी चीर इंचभर, आणि ब्लेडच्या टोकाने साल दोन्हीकडे उचलली, आधी २ दिवस भरपूर पाणी दिलेलं असलं की साल ओल्या पाकिटासारखी सुटते. डोळा ढालीच्या आकारात काढून आत सरकवला, प्लास्टिकच्या पट्टीने वरखाली बांधलं, डोळा तेवढा उघडा. ३ फांद्यांना ३ डोळे. रोज जाऊन बघायचे, हात लावायचा नाही असं ठरवलेलं. १८ व्या दिवशी एका देठाला बोट लावलं आणि तो अलगद गळून पडला, म्हणजे डोळा धरला. दुसराही तसाच पडला. तिसऱ्याचा देठ काळा होऊन चिकटूनच राहिला, तो गेला.

धरलेल्या डोळ्यांच्या वरची रानफांदी मी एकदम नाही कापली, आधी अर्धी, नवा कोंब ४ बोटं झाल्यावर उरलेली. पहिली कळी मोठ्या मुश्किलीने खुडली, जोडाला वजन नको म्हणून. मार्चच्या शेवटी पहिलं पांढरं फूल उमललं, पाच रुपयांच्या नाण्याहून जरासंच मोठं.

ते झाड आज गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात आहे, पाइप डोक्याच्या आतपर्यंत घातलेला. २०२१ चा काप खोडाच्या टोकावर अजून दिसतो, साल त्याच्याभोवती गोल वळून आलीये आणि मधलं जुनं लाकूड अंगठ्याच्या नखाएवढं उरलंय.